तुकाबाईची पगारी रजा

माले गावच्या तुकाबाईने अर्धं आयुष्य शेळ्यामेंढ्यांमागं घालवलं आणि उरलेलं भुकूमच्या एका कंपनीत फरशा पुसण्यात. सवयी मात्र रानातल्याच राहिल्या. काम झालं की पुसायचं फडकं बादलीच्या कडीला शेळीच्या दाव्याची गाठ मारून बांधायची. दाराशी हजेरीचं यंत्र होतं. चेहरा दाखवला की ते बोलायचं, "तुकाबाई, हजर." ती त्यालाही दटावायची, "वरडू नगंस, आले की!"

कंपनीतल्या किमया मॅडम याच कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसात काम करून आल्या होत्या. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं, तिकडं साफसफाईची बाई आजारी पडली तर पगारी रजा मिळते, आणि तिच्या जागी दुसरी बाई पाठवतात.

"आजारी पडायचा पगार?" तुकाबाई हसून हसून खालीच बसली. "मंग तितं बरं कोन व्हतंय? पर मॅडम, कंपनी तर येकच न्हवं?"

"तुम्ही ठेकेदाराच्या ना," मॅडम म्हणाल्या आणि कपात बघत राहिल्या.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. सुनेला, उज्वलाला, म्हणायची, "मरायच्या आदी येक डाव पगारी रजा घिऊन बघायची हाय." पुढं ताप आला. ठेकेदार मनीषने रजा नाकारली. ती तशीच कामावर गेली आणि बादलीजवळ कोसळली, ती उठलीच नाही. जागा हातची जाऊ नये म्हणून उज्वला सुतकातच कामाला लागली. रडायलाही सवड नव्हती बिचारीला.

पहिल्याच सकाळी समोर कुणी नसताना यंत्र बोललं, "तुकाबाई, हजर." मनीष म्हणाला, बिघाड असेल. मग ते रोजचंच झालं.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. उज्वलाच्या नवऱ्याने, दत्ताने, शेळ्या विकणार नाही म्हणून शब्द दिला, पोरीला शिकवीन म्हणाला. कावळा बाभळीवरून नुसता बघत होता. काय अडलंय ते उज्वलाला ठाऊक होतं. ती पुढं झाली आणि धडधडीत खोटं बोलली, "आत्या, तुमची रजा मंजूर झाली. पगारी."

कावळा झपकन उतरला.

त्या दिवसापासून यंत्र तुकाबाईचं नाव घेईनासं झालं. उज्वलाचा जीव भांड्यात पडला, पण मेल्या माणसाला फसवल्याची टोचणी काही गेली नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिलाच ताप भरला. रजा मागितली, तर मनीष म्हणाला, "मग दुसरी बाई बघतो." ती भिंत धरत दाराशी आली आणि यंत्राला चेहरा दाखवला.

"तुकाबाई, हजर."

आतली फरशी कोपऱ्यापर्यंत पुसलेली होती, अजून ओली. बादलीच्या कडीला फडकं होतं, दाव्याची गाठ मारलेलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. उज्वला भीतीनं गारठली, आणि मग पायरीवर बसून हमसून रडली.

"आत्या, कशापायी आलात? तुमची तर रजा हाय न्हवं?"

तिकडं आजारी बाईच्या जागी दुसरी बाई पाठवतात. इथं मेलेलीला यावं लागलं.