पावसाच्या सतरा नवऱ्या

आमच्या शाळेत दोनच खोल्या. एकीत मी मोठ्यांना गणित शिकवते आणि ओरडते. दुसरीत लल्ला तूदा, म्हणजे तूदाबाई, बारक्यांना शिकवते आणि कधीच ओरडत नाही. सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. डिंक, कापूस, चिंध्या, साऱ्या वर्गाचा उकिरडा करून ही बाई म्हणायची, "पोरं शिकतायत." काय शिकतायत, कपाळ!

त्या वर्षी सलग तिसरा हिवाळा कोरडा चालला होता. अ‍ॅटलसच्या डोंगरात राहून बारक्यांना बर्फ आठवत नव्हता. तूदाने शहरातून चित्रांची पुस्तकं आणली. पानापानावर बर्फ, आणि लाल मफलर घातलेला गुबगुबीत पांढरा माणूस. पोरं वेडी झाली. तसला माणूस करायचा म्हणून तिने प्रत्येकाला घरून लाकडी पळी आणायला सांगितली. पळीच्या तोंडावर मेंढीची लोकर, काजळाचे डोळे, गळ्यात लाल चिंधी.

आता आमच्याकडे पळीला कपडे नेसवले की ती पावसाची नवरी होते. हे तूदाला काय, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा अशी एक नवरी दारोदार मिरवतात, बायका तिच्यावर पाणी शिंपडतात. एक. इथे सतरा झाल्या होत्या.

"मिरवू या का गं?" तूदाने हसत विचारलं.

"मिरव की. पण पाऊस नको, बर्फच माग. पुस्तकात तोच आहे ना," मी म्हटलं. थट्टेतच म्हटलं. ते वाक्य अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

सगळ्यात पुढे सहा वर्षांची हन्नू होती. दारादारांत पोरं ओरडली, "बर्फ दे, नवरी, बर्फ दे." गाव पोट धरून हसलं, आणि पाणीही शिंपडलं.

तिसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला. पाच दिवस थांबला नाही. हिवाळा कोरडा म्हणून हन्नूचा बाप बासू अजून वरच्या कुरणातच होता. तो मेंढ्यांसकट गाडला गेला.

तूदाला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच वाईट. आयांनी पळ्या परत नेल्या नाहीत. चुलीवरचं हरीरा सूप ढवळायला त्या कोण घेणार? त्या वर्गातल्या फळीवर राहिल्या. छत गळत नव्हतं, तरी रोज सकाळी त्यांची लोकर ओली असायची. मी भुताखेतांना मानत नाही. पण ती ओल मी स्वतः चाचपली आहे, आणि त्या खोलीत मी एकटी थांबत नाही.

"जाळून टाक," मी म्हटलं.

"नवरीला जाळू?" तूदा म्हणाली.

हन्नूने बोलणं सोडलं. फळीकडे पाठ करून बसायची. तिच्याकडे बघून तूदा सुकत चालली. एक दिवस म्हणाली, "पोरीला वाटतंय, तिनेच बापाला मारलं. तिला सांगते, दोष माझा. मग बदली मागते. मी गेले की दोषही गावातून जाईल."

मी तिच्याबरोबर गेले. हन्नूची आई दारात लोकर पिंजत होती. तूदा पोरीसमोर जमिनीवर बसली.

"बाळा, पळ्या मी करायला लावल्या. मागणं माझं होतं. तू फक्त नवरी हातात धरली होतीस."

हन्नूने तिच्याकडे पाहिलं. मग सहा आठवड्यांत पहिल्यांदा बोलली.

"नाही, लल्ला. बाकीचे नुसते ओरडत होते. मी खरंच मागितला."

"का गं?"

"आई म्हणते, बर्फ पडला की बाबा मेंढ्या घेऊन घरी येतात."

आईचे हात थांबले. तूदाने पोरीला कुशीत ओढलं.

परतताना तूदा एवढंच म्हणाली, "दोष घ्यायला गेले होते. पोरीने सोडलाच नाही."

बदलीचा अर्ज तिने दिला नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली, हन्नू माझ्यापेक्षा उंच झाली. हिवाळ्यात आभाळ भरून आलं की तूदा अजूनही वर्ग माझ्यावर टाकते आणि हन्नूच्या घरी जाऊन बसते. बर्फ थांबेपर्यंत दोघी बसून राहतात.