खांद्याचं गाऱ्हाणं

आंब्याच्या कलमावर चढण्याआधी केरू खोडाकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात सावकाश वर नेऊ लागला. गेल्या हंगामात आंबे काढायची लांब, जाळीची घळ पेलताना उजवा खांदा धरला होता. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, "खांदा मोकळा केल्याशिवाय चढलात, तर एक दिवस फांदीवरून खाली याल." एरवी हा व्यायाम तो घरी दार लावून करायचा. बागवाल्या चारुदत्तकाकांना कळलं असतं, तर त्यांनी त्याला खाली आंबे निवडायला बसवलं असतं. आज घाईत व्यायाम राहिला होता.

मागे पाचोळा वाजला. केरूचे हात डोक्यावर तसेच राहिले. खाली घेतले की कळ येणार, आणि ती तोंडावर दिसणार. त्याने हळूच मान वळवली.

काका टोपी काढून, हात जोडून उभे होते. केरू बागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतोय, असं त्यांना वाटलं होतं.

"माझ्यासाठी पण घाल रे," ते हळूच म्हणाले. "वर्षभर खांदा धरलाय, हात वर जात नाही. कुणाला बोललो नाही."

केरूने अडकलेला श्वास सोडला.

"ह्या गाऱ्हाण्याला हात जोडून भागत नाही, काका. वर न्यावे लागतात."