हौदाची हजेरी

सत्यवतीबाईंच्या वर्गात रोज दोन हजेऱ्या व्हायच्या. पहिली मुलांची, दुसरी हौदाची. नारायणगुड्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या मागच्या अंगणात एक जुना दगडी हौद आहे. त्याच्या काठावर चौथीचा वर्ग उभा राहायचा आणि बाई एकेक नाव पुकारायच्या. "शेवाळ?" ज्याच्याकडे शेवाळ सोपवलेलं, तो पोरगा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "हजर, बाई." मग डासांच्या अळ्या, मासे, बेडूक, चतुर आणि सगळ्यांत शेवटी मासे टिपणारा खंड्या पक्षी. तो बहुतेक उशिराच यायचा.

मी मंगला, शेजारच्या वर्गाला गणित शिकवते. माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या शाळेला ठाऊक. मी म्हणायचे, "बाई, काइकू एवढा कुटाणा? अन्नसाखळीचं चित्र फळ्यावर काढा आणि मोकळ्या व्हा." त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "चित्रातला मासा मरत नाही, मंगला. मग पोरांना कळणार कसं?"

बाई निलंग्याकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन सिकंदराबादला आल्या, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार केला. पुढे नवरा गेला, मुलं बंगळूरला गेली, तरी दोन बस बदलून शाळेत यायचं त्यांचं चुकलं नाही. कंडक्टरशी तेलुगू, भाजीवाल्याशी दख्खनी, आणि वर्गात मात्र ठेवणीतलं मराठी. निवृत्तीआधीचं हे शेवटचं वर्ष होतं आणि या वर्षात त्यांना एकच गोष्ट वाचवायची होती, तो हौद.

कारण शाळा समितीला तिथे शाळेच्या व्हॅन उभ्या करायच्या होत्या. समितीचे चिटणीस मुकुंदराव, बेगम बाजारातले मसाल्याचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलले की बोलले. जूनमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "वास आला किंवा डास झाले, की दुसऱ्या दिवशी हौद बुजवणार. तोवर असू द्या." बाईंनी मान डोलावली. मुकुंदरावांची नात रेणू चौथीतच होती. हजेरीत तिच्याकडे मासे होते, आणि मासे डासांच्या अळ्या खात होते, त्यामुळे डासांची चिंता नव्हती.

मग गणपती आले. सुट्टी लागायच्या आधी बाईंनी मुलांना शिकवलं होतं, की झाडाचं गळलेलं पान कधी वाया जात नाही. ते कुजतं आणि पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातं. पोरांनी ते मनावर घेतलं. आमच्या गणेश मंडळातल्या घराघरांतलं निर्माल्य हुसेनसागरात टाकायचं नाही, असं त्यांचं ठरलं. तिथलं पाणी घाण होतं ना. मग कुठे? आपल्या हौदात! दुर्वा, जास्वंद, केवडा, झेंडूचे हार, सगळं झाडाचंच, मासे खातील. रेणू टोपली घेऊन दारोदार फिरली. मोठी माणसं कौतुकाने टोपल्या भरत राहिली. एकालाही वाटलं नाही, की जरा थांबून कुणाला तरी विचारावं. या बाबतीत आम्ही मराठी माणसं सगळी सारखी. फूल देवाचं, म्हणजे पाण्यात सोडलं की पुण्यच.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा फाटकातच वास आला. पाणी काळं पडलं होतं, वर हारांचा लगदा आणि त्याच्या कडेने पांढरी पोटं वर करून मासे.

बाई काठावर बसल्या. पोरं गोळा झाली. मला वाटलं रागावतील. मी असते तर एकेकाचा कान धरला असता. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. फुलं कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत इतके लहान असतात, पण श्वास त्यांनाही लागतो. थोडी फुलं पडली असती तर निभावलं असतं. एवढं अन्न एकदम मिळाल्यावर ते इतके वाढले, की पाण्यातली सगळी हवा त्यांनीच संपवली. माशांना उरली नाही. हे मातीत पुरलं असतं, तर त्याचं खत झालं असतं. पाण्याला ते झेपलं नाही." आणि मग हळूच, "चूक माझी आहे."

मी चिडलेच. बाजूला नेऊन म्हटलं, "सगळ्यांत मोठी टोपली मुकुंदरावांच्या घरची होती, पोरंच सांगतायत. आता तेच हौद बुजवायला येतील आणि तुम्ही गप्प बसणार?"

"नातीसमोर आजोबांना खाली बघायला लावायचं? नक्को, मंगला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव आले. फाटकाबाहेर दगडमातीची गाडी उभी होती. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "हजेरी तेवढी घेऊ द्या. शेवटची."

"शेवाळ?"

"गैरहजर, बाई."

"डासांच्या अळ्या?"

"हजर. खूप आहेत."

"मासे?"

रेणू वाकून पाण्यात बघत राहिली. बाई थांबून राहिल्या. त्यांनी पुढचं नाव पुकारलं नाही. शेवटी ती म्हणाली, "गैरहजर."

बेडूक नव्हता, चतुर नव्हता. खंड्या तर येणारच नव्हता, त्याला खायला काय होतं? हजेरी संपली, तेव्हा रेणू म्हणाली, "बाई, एक नाव राहिलं. माणसं." आणि कुणी काही बोलायच्या आत तिने आजोबांकडे बघितलं. "हजर. आजोबा, आपली टोपली सगळ्यांत मोठी होती."

  मुकुंदरावांनी वाकून काठावरचा हाराचा एक कुजका दोरा उचलला आणि विचारलं, "हे कुठे पुरायचं?" मग गाडीवाल्याला परत जायला सांगितलं.

हौद उपसायला आठवडा गेला. अंगणातल्या कडुनिंबाखाली खड्डा खणून पोरांनी सगळा लगदा मातीत घातला. नवं पाणी भरलं. मुकुंदराव बाजारातून मासे आणून देतो म्हणाले, पण बाईंनी थांबवलं. आधी शेवाळ धरू दे, मग बघू. तोवर अळ्या पोरंच जाळीने काढतात.

हजेरी अजून रोज होते. "मासे?" बाई विचारतात. रेणू पाण्यात नीट बघते, रोज बघते, आणि सांगते, "गैरहजर, बाई." डोळे भरलेले असतात. बाई म्हणतात, "खरं सांगितलंस. बस."