एक डॉलर आणि प्रेमापोटी

व्हर्ला सेडलाचेक सव्वीस वर्षं कोबा करत आली. नेब्रास्कातल्या त्या भागात गोठ्यांचे आणि टर्कीच्या शेडचे निम्मे कोबे तिच्या हातचे. गुडघे कामातून गेले, पण थापी सुटली नाही. आज मात्र अंगात चर्चला घालायचा कोट होता. तिला काँक्रीट पुरवणाऱ्या रडी हाव्हलिकच्या पिकअपमध्ये बसून ती लिंकनला, विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला निघाली होती.

"कोलाच खा," गोड पावांचा खोका पुढे करत रडी म्हणाला. "खसखशीचा आहे. दातांत अडकली तरी कुणाला दिसणार नाही, तू कुठे हसतेस?"

"घास उतरत नाहीये."

"क्रूगरचं तोंड आठव. संतापानं भूक लागेल."

डेल क्रूगर शेड बांधायचा. त्यानं व्हर्लाच्या कामाचे अडतीस हजार डॉलर बुडवले आणि ती वकिलाकडे पोचेपर्यंत सगळी जमीन भावाच्या नावावर करून टाकली. दस्तात लिहिलेला मोबदला: एक डॉलर आणि प्रेम. व्हर्ला दावा हरली. त्यानं मुद्दाम फसवलं हे जवळजवळ निःसंशय सिद्ध करा, असं जुना कायदा म्हणायचा. समितीपुढे आलेल्या नव्या मसुद्यात पुराव्याचं पारडं थोडं झुकलं तरी पुरे होतं.

पण क्रूगरनं बुडवल्यामुळे रडीच्या काँक्रीटचे एकोणीस हजार तिच्याकडे थकले होते. आणि त्याच महिन्यात तिनं आपलं घर मुलीच्या, ट्रीनाच्या नावावर केलं होतं. एक डॉलर आणि प्रेम. रडीला हे माहीत नव्हतं.

समितीपुढे तिनं नोंदीसाठी नावातलं एकेक अक्षर सांगितलं. बोलायची वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला. क्रूगरची हकीकत ठीक सांगून झाली. पिवळा दिवा लागला तेव्हा टोकाला बसलेल्या सिनेटरबाईंनी विचारलं, "माणसं नुसती घाबरूनही घर मुलांना देतात. त्यांनाही यात ओढायचं? तुमच्या ओळखीत आहे असं कुणी?"

मागच्या रांगेत रडी खोकला. तेवढ्यात लाल दिवा लागला.

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

उठायचं, कागद गोळा करायचे, झालं. तिनं खुर्चीच्या हातांवर भार दिला. पण ती उठली नाही.

"मी आहे," ती म्हणाली. "घाबरले होते हे खरं. पण ज्याचं देणं होतं, त्याला कळू नये म्हणूनच केलं. तो माझ्या मागे बसलाय. ओढा मलाही."

परतीच्या वाटेवर चाळीस मैल मागे पडल्यावर रडीनं विचारलं,

"कधी केलंस?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये तुझं छप्पर दुरुस्त करताना शिडी मी धरली होती."

"हो."

"म्हणजे ट्रीनाचं छप्पर."

व्हर्लानं फोन काढला. "ट्रीना, लायसन्स घेऊन नोंदणी कार्यालयात ये. साडेचारच्या आत."

कार्यालयापुढे रडी गाडीतून खाली उतरला नाही. इंजिन चालू ठेवून समोर बघत बसला. आत कारकुनानं घर परत व्हर्लाच्या नावावर करायचा कागद तयार केला. घड्याळ चार वीस दाखवत होतं, तेव्हा ट्रीना दवाखान्याच्या गणवेशातच धावत आली. पेन हातात घेऊन ती थबकली.

"आई, मी सही केली की रडी उद्या वसुलीला दारात येईल."

"येऊ दे."

"घर गेलं तर?"

"गेलं तर माझं जाईल. कर सही."

ट्रीनानं सही केली. पेन तिनं जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

व्हर्ला बाहेर आली तेव्हा इंजिन बंद होतं. तिच्या सीटवर कोलाचचा खोका ठेवलेला होता.

"सोमवारी मी वकिलाकडे जाणार नाही," रडी तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू माझ्याकडे ये. दर महिन्याला किती जमेल ते ठरवून ये."

"येते."

"आणि तो कागद घेऊन ये. मला शिक्का बघायचाय."