वांग्याच्या भाजीवर घातलेला आळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि ती माझ्याच दवाखान्यात पलीकडच्या खोलीत बसते. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

मी लोहाऱ्यात दातांचा डॉक्टर आहे. इम्प्लांट करतो, म्हणजे हाडात स्क्रू बसवून वर दात. स्क्रू बसला की माझा हात आपोआप अँटिबायोटिकचा आठवड्याचा कोर्स लिहितो. माणूस ठणठणीत असला तरी. मला या हाताचं मोठं कुतूहल वाटतं. शिकलो होतो ते तर वेगळंच — निरोगी माणसाला आधी एक डोस बहुतेकदा पुरतो. मग बाकीचं कोण लिहितं? भीती? खेड्यातून जीपनं आलेला पेशंट परत दाखवायला येईल याचा भरवसा नाही, आणि पू झाला तर बाजारभर बोभाटा. असो.

शेजारच्या गावच्या सरूबाईंनाही तोच कोर्स दिला. तो संपायच्या आत त्यांना जुलाब लागले, सलाईनवर ठेवावं लागलं. मुलाचा फोन आला, "डॉक्टर, गोळ्यांनी झालं असंल का?"

या गोळ्यांनी असं होतं, हे मला ठाऊक होतं. आणि मी — मी म्हणालो, "छे, खाण्यात काहीतरी आलं असेल."

घरात स्वयंपाक सून करायची. त्या दिवशी वांग्याची भाजी होती.

सरूबाई बऱ्या झाल्या, पण सुनेच्या हातचं खाईनात. घरात वेगळी चूल मांडली. तपासायला आल्या की मलाच सांगायच्या, "तुमी सांगितलं म्हून कळलं, डॉक्टर. लई निष्काळजी हाय ती." मी मान हलवायचो. गोळ्या त्यांनी अर्ध्यावरच सोडल्या होत्या, तरी स्क्रू पक्का बसला. मी तो ठोकून पाहिला, नवल केलं — आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तोच कोर्स लिहिला. उत्तर समोर असूनही थांबत नाही, तो कसला हात?

परवा ती सून दाढ दुखते म्हणून आली. खुर्चीत टेकली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, भाजी तर आमी सगळ्यांनीच खाल्ली हुती. मग आत्याबाईंनाच कशी बाधली वो?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "आ करा."

तिनं आ केला. तोंडात आरसा घातल्यावर माणसाला बोलता येत नाही, हे मला माहीत होतं.