उलटा अर्धा फेरा

काल पेडणेकरांकडे जेवायला होतो. लोणचं वाढून झाल्यावर त्यांनी बरणीचं झाकण आधी अर्धा फेरा उलटं फिरवलं. हलकेच टक् झालं, मग सुलटं आवळलं.

"आटे जागेवर बसले की बोटांना कळतं," ते म्हणाले. "नुसता जोर लावला तर तिरके चढतात."

बोटींची इंजिनं जोडण्यात या माझ्या शेजाऱ्याची उमेदीची सारी वर्षं गेली. आता ती इंजिनं परदेशात बनतात. कारखाना हलवण्याआधी साहेबांनी त्यांच्या कामाचं शूटिंग करून घेतलं, तिकडच्या कामगारांना शिकवायला. चेहरा नको, फक्त हात, असं बजावलं होतं. उजव्या मनगटावर आईचं नाव गोंदलेलं आहे, त्यावर चिकटपट्टी लावली.

तो व्हिडिओ त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. हात पेडणेकरांचे, आवाज कुणा परक्याचा, भाषाही परकी. विद्या चोराला नेता येत नाही, असं आम्ही शाळेत घोकलं होतं. इथे ती दिवसाढवळ्या, वर चहा पाजून नेली होती.

"उलट्या फेऱ्याचंही सांगितलंत त्यांना?" मी चिडूनच विचारलं.

"सांगितलं की. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर बोटीत माणसंच असतात ना?"

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. बघता बघता त्यांचा डावा हात आपसूक उजव्या मनगटावर गेला आणि त्याने आईचं नाव झाकलं.