वहिनीचं ‘आनि फुडं?’

२०१६ साल होतं. मी सहासष्टचा, वहिनी सत्तरीला टेकलेली. तिच्यासमोर कुणाला गोष्ट अर्धी टाकून उठता यायचं नाही. लग्न जमलं सांगा, कुणी गेलं सांगा, मान वर करून ती विचारायची, "आनि फुडं?" आमचा सगळा वळ गाव तिला फुडंबाय म्हणायचा. माझ्या थोरल्या भावाची ही बायको. माझी शाळा दुसरीत संपली, पण मी कुणापुढं हात बांधून उभा राहिलो नाही. वहिनीपुढं मात्र गोष्ट पुरी करूनच उठायचो.

त्या साली तिच्या छातीत गाठ निघाली. ठाण्याच्या दवाखान्यात ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्टच्या दिवशी मी आणि तिची लेक मंदा बरोबर होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही." मंदानं हात जोडले, मी पिशवी उचलली. वहिनी खुर्चीतच.

"आनि फुडं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, गाठीतल्या पेशी जरा वेगळ्या तऱ्हेनं वाढल्या होत्या. तो कॅन्सर नाही, आणि पुढं होईलच असंही नाही. पण इतर बायकांपेक्षा धोका थोडा जास्त. म्हणून दर वर्षी छातीचा फोटो काढायचा, मधे काही वेगळं जाणवलं तर लगेच यायचं. "आणि लेकीनंही आईचं हे आपल्या डॉक्टरांना सांगून तपासून घ्यायचं."

परतताना मी म्हणालो, "रिपोर्ट चांगला आलाय, वहिनी. परत परत कशाला उकरायचं?"

"भावजी, यंदा भाताला कीड न्हाय, म्हणून फुडल्या साली बांधावर जायचं सोडता का?"

मी हरलो नव्हतो, उत्तर शोधत होतो. अजून शोधतोय.

दिवाळी आटोपली की ती निळं लुगडं नेसून ओटीवर बसायची. "चला भावजी, माझी जत्रा आली." यंत्रात छाती दाबून फोटो काढला की बाहेर येऊन कुरकुरायची, "पापड लाटतात मेल्या." पण एक साल चुकवलं नाही.

लेकीपुढं मात्र तिचं काही चालेना. मंदा शेलार गावात दिलेली. म्हणायची, "आईला काही निघालंच नाही, मग मला कशाला?"

"न्हाय निघालं. आनि फुडं?"

"बघू गं."

मागच्या वर्षी वहिनी गेली. झोपेतच हृदय थांबलं. छाती शेवटपर्यंत साफ होती. तेराव्याच्या संध्याकाळी, सासरी परत निघण्याआधी, मंदा ते निळं लुगडं घडी करत म्हणाली, "बघा काका, काहीच झालं नाही. उगाच धावत राहिली."

माझ्या तोंडून आलं, "आनि फुडं?"

तिचे हात थांबले. "काका, आता तुम्ही सुरू नका होऊ."

"उद्या सकाळी येतो. फोटो काढायला तयार राहा."

"आणि मी नाही आले तर?"

"ओटीवर बसून राहीन. मला काय काम हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, रिक्षा केली आणि शेलारला गेलो. मंदाचं दार अजून बंद होतं. चपला काढल्या आणि ओटीवर बसलो.